आजोबांनी नापास व्हायचं ठरवलं

ज्या मुलाने माझा हात पहिल्यांदा धरला, त्याला मी पंच्याहत्तर वर्षांची वाटलेले.

खोटं नाही सांगत. ऑक्टोबरची रणरणती दुपार, नौपाड्यातला गोखले रोड, आणि मी... घोट्यांना वाळूच्या पिशव्या, गुडघ्यांना वाकू न देणारे पट्टे, हातात एकावर एक दोन मोजे, कानात कापूस, डोळ्यांवर धुरकट पिवळ्या काचांचा चष्मा. वरून आईची जुनी शाल डोक्यावरून घेतलेली, कारण येणारे-जाणारे टकामका बघत होते. आमच्या कॉलेजात जेरोन्टॉलॉजीला, म्हणजे म्हातारपणाच्या शास्त्राला, हा पोशाख प्रत्येकाला एकदा चढवावाच लागतो. आमच्या दर्शना मॅडम म्हणतात, पुस्तक वाचून कोणाचा गुडघा दुखत नाही. काम तसं सोपं होतं. मेडिकलच्या दुकानात जायचं, खोकल्याचं औषध मागायचं, बाटलीवरची तारीख वाचायची आणि परत यायचं. दुकान त्याच फुटपाथवर पुढे दिसत होतं, पण पोचता पोचत नव्हतं. मी जरा दम खायला फुटपाथच्या कडेला थांबले, आणि तिथेच घात झाला.

"चला आजी, मी आहे ना!" कोणीतरी कापसातून ऐकू येईल एवढ्या जोरात ओरडलं. माझं कोपर धरलं, एका हाताने रिक्षा थांबवल्या, आणि मला थेट रस्त्याच्या पलीकडे नेऊन उभं केलं. मी "अहो... अहो, नाही..." करत होते, पण गुडघे वळत नव्हते. पलीकडे पोचल्यावर त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं आणि जपून जा म्हणाला.

मी चष्मा काढला. शाल मागे सारली.

"मला इकडे यायचंच नव्हतं," मी म्हटलं.

तो बघतच राहिला. उंच, सावळा, गळ्यात ऑफिसचं कार्ड, आणि चेहऱ्यावर असा भाव की चोरी करताना सापडलाय. "सॉरी... आजी," तो म्हणाला, आणि स्वतःचीच जीभ चावली.

मग मी त्याला झापला. चांगला झापला. विचारायची काही पद्धत असते की नाही, म्हातारं माणूस म्हणजे काय कुरियरचं पार्सल आहे, इकडून उचललं आणि तिकडे ठेवलं? त्याने कान लाल होईपर्यंत सगळं ऐकून घेतलं. मग अगदी हळू विचारलं, "मग... परत सोडू का?"

"काही गरज नाही."

"नाही, विचारून बघितलं."

गालात हसला होता का तो? चष्मा परत लावल्यामुळे मला नीट दिसलं नाही. रस्ता ओलांडून येताना मात्र मला पाठीवर त्याची नजर जाणवत होती, आणि वाळूच्या पिशव्या बांधून काही ऐटीत चालता येत नाही. माझ्यावर लक्ष ठेवायला म्हणून मागून येणारी माझी मैत्रीण अक्षदा रसवंतीच्या बाकावर पोट धरून हसत बसलेली.

हे शिक्षण मी का घेतेय, हे आमच्या डोंबिवलीच्या घरात अजून कोणाला नीट कळलेलं नाही. बरी चाललेली कॉल सेंटरची नोकरी सोडून मी हे निवडलं, तेव्हा आई, म्हणजे मालनबाई, कमरेवर हात ठेवून म्हणालेली, म्हातारी माणसं सांभाळायला कॉलेज कशाला लागतं गो, आम्ही काय डिगरी घेऊन तुझ्या आजीचं केलं? बाबा वागळे इस्टेटमध्ये लेथवर काम करतात, कमी बोलतात. ते एवढंच म्हणाले की शिकू दे, पुढेमागे आपणच म्हातारे होणार आहोत. झालं, तेवढ्यावर माझी अ‍ॅडमिशन झाली.

शेवटच्या सत्रात आमच्याकडे प्रत्येकाला एक घर मिळतं. त्या घरातल्या वृद्ध माणसाला दर आठवड्याला भेटायचं, आणि शेवटी सांगायचं, की हा माणूस एकटा राहू शकतो का, राहायचं तर काय सोय लागेल. मॅडम ते मत घरच्यांसमोर ठेवतात. आणि एक नियम मॅडमनी पहिल्याच दिवशी ठणकावून सांगितलेला. काम संपेपर्यंत त्या घराशी आपलं नातं कामापुरतंच. जीव गुंतला की नजर अधू होते.

मला मिळालेलं घर नौपाड्यातच होतं. लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत दुसरा मजला, दारावर 'प्रभाकर' असं पितळी अक्षरांत लिहिलेलं. मी बेल वाजवली. दार उघडलं आणि समोर तोच.

"आजी?" तो म्हणाला.

"कोणाची आजी आली रे अपूर्व?" आतून एक खणखणीत आवाज आला.

तर हा अपूर्व. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत पुलांचा इंजिनिअर. आईवडील वडिलांच्या नोकरीमुळे बडोद्याला, हा कॉलेजपासून आजोबांकडे. नीलाआजी दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यानंतर आजोबा एकदा बाथरूममध्ये घसरले, हाड काही मोडलं नाही, पण अपूर्वचा धीर मोडला. तेव्हापासून त्याने आजोबांना तळहातावरच्या फोडासारखं जपायला घेतलेलं. सफरचंद चिरून द्यायचा, गोळ्या हातावर ठेवून पाण्याचा ग्लास तोंडाशी न्यायचा, हॉलमध्ये कॅमेरा लावलेला. आणि कहर म्हणजे, ऑफिसला जाताना गॅसच्या शेगडीची बटणं काढून खिशात घालून घेऊन जायचा.

पहिल्या भेटीत मी आजोबांना नाव विचारलं, उत्तर अपूर्वने दिलं. जेवणात काय आवडतं विचारलं, तेही त्यानेच सांगितलं. मग मी त्याच्याकडेच वळले आणि वय विचारलं.

"माझं? अठ्ठावीस," तो म्हणाला. "तुमचं? पंच्याहत्तर पूर्ण झाली का?"

आजोबा गडगडाट करून हसले. मी हसू दाबत त्याला सांगितलं की माझं काम आजोबांशी आहे, तेव्हा त्याने स्वयंपाकघरात बसावं. तो गेला. जाताना दार मात्र पूर्ण लावलं नाही.

हळूहळू मी एकेक गोष्ट सोडवायला घेतली. गोळ्यांची डबी आजोबांच्या ताब्यात दिली. कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला. आणि डिसेंबरच्या एका छान गार संध्याकाळी अपूर्वच्या खिशातून गॅसची बटणं काढून घेतली. आजोबांनी वर्षभराने स्वतःच्या हाताने चहा टाकला. लायटर पेटला तसा अपूर्व पुढे झेपावला, आणि मी त्याचा हात धरून मागे ओढला. आधण उकळलं, आलं पडलं, चहा गाळून झाला... आणि तोपर्यंत धरलेला हात सोडायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही. आलं इतकं पडलेलं की पहिल्या घोटाला तिघेही ठसकलो. आजोबा म्हणाले, असा फक्कड चहा त्यांनी कित्येक दिवसांत प्यायला नव्हता.

त्यानंतर तो मला स्टेशनपर्यंत सोडायला यायला लागला. नौपाड्यातून ठाणे स्टेशन म्हणजे किती लांब? पण आम्ही ते लांबवायला शिकलो. आधी तलावपाळीला तळ्याभोवती एक चक्कर, मग कणसाच्या गाडीपाशी थांबायचं, मग त्याला आठवायचं की त्याला काहीतरी सांगायचं होतं. रस्ता आला की तो थांबायचा आणि फार गंभीर चेहऱ्याने विचारायचा, "पलीकडे जायचंय का? हात देऊ का?"

"जायचंय. हात नको."

दर वेळी हेच. एका संध्याकाळी मात्र त्याने विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दे."

तो इतका गडबडला की सिग्नल सुटून गेला तरी आम्ही तिथेच उभे. "काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही... मी नकाराची तयारी करून आलेलो."

त्याचा तळवा गरम होता, एवढं मला घरी जाऊन जेवताना, भांडी घासताना आणि झोपतानाही आठवत राहिलं.

जानेवारीतल्या एका रविवारी तर तो थेट डोंबिवलीला आमच्या दारात. म्हणे तुझी ओढणी राहिली होती. ओढणी माझी नव्हतीच, नवी कोरी होती, लेबल काढायचं राहून गेलेलं. आईने ते लेबल बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काही न बोलता घावणे टाकायला घेतले. काळ्या वाटाण्याच्या उसळीबरोबर तिने त्याला पोट फुटेस्तोवर खायला घातलं, आणि गाव कुठलं, आई काय करते, पूल बांधतो म्हणजे नक्की काय करतो, असं सगळं काढून घेतलं. तो गेल्यावर म्हणाली, "पोरगा बरा हा. ताट स्वतः उचललान." मालनबाईंच्या तोंडून एवढं कौतुक म्हणजे खूप झालं.

मी तिला सांगितलं की तसलं काही नाहीये, माझं फक्त काम चाललंय तिथे. ती "हो हो" म्हणाली.

आणि मग तो दिवस आला. तलावपाळीच्या कट्ट्यावर बसल्या बसल्या त्याने सांगितलं की त्याला ब्रह्मपुत्रेवरच्या पुलाच्या कामावर घेतायत. आसाम. दोन वर्षं. सांगताना त्याचे हात हवेत खांब उभे करत होते, तुळया टाकत होते, आणि चेहरा असा फुललेला की मला त्याच्याकडे बघवेना. असं काम माणसाला आयुष्यात एकदा मिळतं, तो म्हणाला. मग हात खाली आले.

आजोबांचं काय करायचं, हा प्रश्न होता. आईबाबा त्यांना बडोद्याला न्यायला तयार होते, पण आजोबांनी साफ सांगितलेलं की माझा नौपाडा सोडून मी कुठेही येणार नाही. म्हणून अपूर्वने ठरवलं होतं, आजोबा एकटे राहू शकतात असं आमच्या कॉलेजने सांगितलं, तरच तो जाणार. नाहीतर कंपनीला नाही कळवणार आणि इथेच राहणार.

"म्हणजे सगळं तुझ्या हातात आहे," तो म्हणाला. मग तळ्याकडे बघत म्हणाला, "आणि संचिता... तू आजोबांना नापास केलंस तरी मला फार वाईट नाही वाटणार."

का, असं मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं. मॅडमचा नियम होता म्हणून, आणि उत्तर माहीत होतं म्हणूनही. आता बघा म्हणजे काय अवस्था झाली माझी. आजोबा पास झाले की अपूर्व जाणार, नापास झाले की राहणार, आणि पेपर तपासणारी मी.

परीक्षेच्या दिवशी अपूर्वने सुट्टी घेतलेली. तो हॉलमध्ये बसून होता, मी आजोबांच्या मागे मागे. रोजचीच कामं करायची होती, दूध तापवायचं, गोळ्या घ्यायच्या, खाली जाऊन भाजी आणायची. मला वाटलेलं, आजोबा हसत हसत सगळं करतील. पण त्या दिवशी काही भलतंच झालं. आजोबा दूध गॅसवर ठेवून हॉलमध्ये आले आणि कपाळावर हात मारून म्हणाले, अरेरे, दूध, विसरलोच की मी. दुपारची गोळी सकाळी काढली आणि हातावर ठेवून सगळ्यांना दाखवत फिरले की ही कधीची, काही कळेनासं झालंय. वार विचारला तर आधी कॅलेंडरकडे बघून घेतलं आणि मग चुकीचा वार सांगितला. कोथिंबीर आणायला पाठवलं, तर चक्क झाडू घेऊन आले.

अपूर्वचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने आजोबांना जवळ घेतलं. म्हणाला, काही काळजी करू नका, मी कुठे जात नाही. आणि त्याच्या खांद्यावरून आजोबांनी माझ्याकडे बघितलं.

घरी येताना मी खूश होते. लाज वाटते सांगायला, पण होते. तो राहणार होता, आणि मला काही खोटंही बोलायला लागणार नव्हतं. जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालेलं. मी बाजारातून मोगऱ्याचा गजरा घेतला, आईला माळला, स्वतःला माळला. आणि संध्याकाळी मटार सोलता सोलता माझे हात थांबले.

आम्हाला वर्गात पहिल्या महिन्यात शिकवलेलं. ज्याला खरंच विसरायला होतं, तो माणूस लपवतो. विषय बदलतो, हसून वेळ मारून नेतो. वार विचारला तर म्हणतो, आम्हाला काय हो, सगळे वार सारखेच. विसरणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त भीती हीच असते की ते कोणाला कळेल. आणि आजोबा तर प्रत्येक चूक वाजतगाजत दाखवत होते. आजोबा तरुणपणी हौशी नाटकांत वर्षानुवर्षं प्रॉम्प्टिंग करायचे, विंगेत बसून नटांना वाक्यं सांगायचे. स्टेजवर कधी गेले नाहीत. का गेले नाहीत, ते मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी अपूर्व ऑफिसला गेल्यावर मी नौपाडा गाठला. दारातच म्हटलं, आजोबा, इतका वाईट अभिनय मी जन्मात बघितला नाही.

त्यांनी आधी कानावर हात ठेवले, मग हसले, मग खुर्चीत बसले. "तो गेला की तुझं काय गं?" ते म्हणाले. "मी म्हातारा झालोय, आंधळा नाही. माझं सगळं होऊन गेलंय. तुमचं अजून सुरूही झालेलं नाही. लिही नापास आणि मोकळी हो."

मी त्यांना विचारलं, की मी नसते, अपूर्वला कोणी आवडत नसतं, तर तुम्हाला काय हवं होतं?

त्यांनी गॅलरीकडे बघितलं. "सकाळी उठावं," ते म्हणाले, "आपल्या हाताने चहा करावा आणि तिथे बसून प्यावा. कोणी मागून येऊन कप धरू नये. सोबत वेगळी आणि राखण वेगळी, पोरी. अपूर्व माझी सोबत करायला राहतो, आणि राखण करत बसतो."

"मग मी पास लिहिणार," मी म्हटलं.

त्यांनी बजावलं की अपूर्व चिडेल, त्याने सगळं डोळ्यांनी बघितलंय, तो कारण विचारेल. मी म्हटलं, चिडू दे. कारण मी सांगणार नाही. तुम्ही विश्वासाने मला सांगितलंय, ते बाहेर काढायचा मला हक्क नाही. तुम्हाला वाटलं तर तुम्ही सांगा. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले की आपण बुवा काहीएक सांगणार नाही. जिद्दी माणूस. मी जिना उतरले आणि खालच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडले. माझ्याच हाताने मी त्याला घालवायला निघाले होते.

शनिवारी सगळे जमले. दर्शना मॅडम आल्या, लॅपटॉपवर बडोद्याहून अपूर्वचे आईबाबा होते. मी घसा खाकरून सांगितलं की आजोबा एकटे राहू शकतात. बाथरूममध्ये धरायला दांडी लावावी, एक किल्ली शेजारी द्यावी, दिवसातून एकदा फोन व्हावा, आणि आठवड्यातून एकदा आमच्या विभागाचं कोणीतरी येऊन जाईल. एवढं पुरे.

अपूर्वला धक्काच बसला. "तू होतीस ना इथे?" तो म्हणाला. "दूध, गोळ्या, तो झाडू... बघितलंस ना?"

"बघितलं."

"मग?"

"माझं मत हेच आहे."

तो माझ्याकडे झुकला. मग सगळ्यांसमोर, पण मला एकटीलाच ऐकू यावं इतक्या हळू म्हणाला, "मला घालवायची एवढी घाई झालीय तुला?"

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तोंड उघडलं असतं तर सगळंच बाहेर पडलं असतं. मी ओठ घट्ट मिटून बसले. मॅडम एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होत्या. तेवढ्यात आजोबा खुर्ची सरकवून उठले आणि स्वयंपाकघरात निघून गेले. अपूर्व उठायला लागला तर मॅडमनी त्याला हाताने खाली बसवलं. आतून लायटरचा आवाज आला, कपांचा आला, आणि थोड्या वेळाने आजोबा ट्रे घेऊन बाहेर आले.

"हा मॅडम तुमचा, बिनसाखरेचा, मागच्या वेळी तुम्ही म्हणाला होतात," ते म्हणाले. "हा संचिताचा, कमी दुधाचा. आणि हा या गाढवाचा." मग त्यांनी वार सांगितला, तारीख सांगितली, गोळ्यांची नावं धडाधड म्हणून दाखवली. झाडू कशाला आणला होता, तेही सांगितलं. "मी मुद्दाम नापास झालो. या मुलीने दुसऱ्याच दिवशी मला पकडलं, आणि मी सांगितलं नाही म्हणून आत्ता इथे तुझी बोलणी खात बसलीय."

"मुद्दाम?" लॅपटॉपमधून अपूर्वचे बाबा म्हणाले. "पण का?"

"कारण जन्मभर मी विंगेत बसून लोकांना अडलेली वाक्यं पुरवली," आजोबा म्हणाले. "इथे माझ्या घरात दोघं जण महिनोन्महिने एकाच वाक्यावर अडकलेत. मला वाटलं, हा राहिला तर निदान म्हणेल तरी."

अपूर्व माझ्याकडे बघत होता आणि मी चहाच्या कपात. मग बडोद्याहून त्याच्या आईचा आवाज आला, की अपूर्व, लॅपटॉप जरा त्या मुलीकडे वळव बघू. मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं.

मॅडमनी कप खाली ठेवला. "संचिता, खरं आहे का हे?"

"हो मॅडम," मी म्हटलं. "पण मी त्याला अजून काहीच बोललेले नाही."

"आता बोलायचं काय राहिलंय," मॅडम म्हणाल्या. नियम तो नियम, म्हणून त्यांनी माझं मत बाजूला ठेवलं आणि तिथल्या तिथे आजोबांची सगळी परीक्षा स्वतः पुन्हा घेतली. दूध, गोळ्या, खाली जाऊन भाजी, सगळं. आजोबा असे काही पास झाले की शेवटी मॅडमनाच उलटे प्रश्न विचारायला लागले. जाताना मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, स्वतःच्या विरुद्ध निकाल देणारी परीक्षक मी तरी पहिल्यांदाच पाहिली. मार्कांची काळजी करू नकोस.

त्यांच्या मागोमाग मीही चपला घालून निघाले. कोणाशी काही बोलायची हिंमत नव्हती. जिन्याच्या वळणावर अपूर्वने मला गाठलं.

"थांब ना," तो म्हणाला. "माफ कर. मी काय काय बोललो..."

"बोललास खरा."

"तुला माहीत होतं, तू नापास म्हणालीस तर मी राहणार."

"माहीत होतं."

"तरी?"

"आजोबांना त्यांचा चहा हवा होता, आणि तुला तुझा पूल," मी म्हटलं. "आणि मला काय हवं होतं ते... मटार सोलताना घटकाभर ठरवून झालेलं माझं, की गप्प बसायचं आणि तुला ठेवून घ्यायचं. नाही जमलं."

तो एक पायरी खाली आला. आता आमचे चेहरे समोरासमोर होते. खिडकीतून येणारं मावळतीचं ऊन त्याच्या केसांवर पडलेलं. "मी नाही जात," तो म्हणाला. "कंपनीला अजून हो कळवलं नाहीये. तुझ्यासाठी राहतो. खरंच राहतो."

काय सांगू, त्या क्षणी मला फक्त मान हलवायची होती. पण तलावपाळीच्या कट्ट्यावर हवेत पूल बांधणारे ते हात मी बघितलेले.

"हो, रहा ना," मी म्हटलं. "आणि मग जन्मभर खाडीवरचा पूल दिसला की उसासे टाक. मला नकोय असला नवरा."

तो थांबला. "असला काय?"

"असला... कोणी."

"नाही, नाही. तू नवरा म्हणालीस."

"जीभ घसरली."

"मग पुन्हा एकदा घसरू दे," तो म्हणाला. हसत होता, पण डोळे भरलेले. "संचिता, मला तू आवडतेस. त्या दिवशी तू चष्मा काढून मला झापलंस ना, तेव्हापासून. मी जातो. पण जाणार तो तुझा होऊन, हे तुला चालेल का, एवढं सांग."

"चालेल," मी म्हटलं. "मलाही तू... म्हणजे मीही. कधीपासून ते नाही सांगणार, आगाऊ होशील."

त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि कपाळाला लावले. वरच्या मजल्यावरच्या रमाबाई भाजीची पिशवी घेऊन आमच्या बाजूने "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत गेल्या, तरी आम्ही हात सोडले नाहीत.

मग त्याला एकदम आजोबांची आठवण झाली. चल, त्यांना सांगू, म्हणाला. आम्ही वर गेलो तर दार बंद. त्याने बेल वाजवली, मग कडी वाजवली.

"कोण आहे?" आतून आजोबा.

"आम्ही. उघडा ना आजोबा."

"आत्ता नाही," आजोबा म्हणाले. "एकटं राहायचा सराव चाललाय माझा. तासाभराने या."

आतून दुसरी कडीही लागल्याचा आवाज आला. अपूर्वने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं, आणि आम्ही तिथेच जिन्याच्या पायरीवर बसलो. दोन वर्षांचं बोलून घ्यायचं होतं, आणि आजोबांनी फक्त तासभर दिलेला.